वाघ-हत्ती सोडून ओढ्यातले दगड उलटणारा साहेब, ज्याच्यामुळं देशाला झूलॉजिकल सर्व्हे मिळाला

खंडाळा म्हटलं की काय आठवतं? आमिर खानचं गाणं, घाटातलं ट्रॅफिक, येताना घेतलेली चिक्की आणि पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला झालेली तोबा गर्दी. त्या धबधब्याचं पाणी ज्या ओढ्यातून वाहत जातं, त्यात कोण राहतं हे मात्र कुणी वाकून बघत नाही.

१९१९ साली कलकत्त्याहून निघणाऱ्या एका शास्त्रीय नियतकालिकात नेमकी याच गोष्टीवर लेखमाला छापून आली. विषय एकदम साधा, मुंबई इलाख्यातल्या काही छोट्या ओढ्यांमधले प्राणी. त्यात पुणे आणि सातारा जिल्ह्यातले मासे होते, बेडूक होते. आणि खंडाळ्याच्या ओढ्यातला एक बारका मासा होता, ज्याला तोवर विज्ञानात नावच नव्हतं.

लेखमालेमागचा माणूस होता नेल्सन ॲनँडेल. आज देशात कुठंही नवा मासा, नवी गोगलगाय, नवा कोळी सापडला की बातमीत झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं नाव हमखास असतं. ही संस्था उभी केली ती याच माणसानं. तेही वाघ, हत्ती, गेंडे यांच्या मागं न लागता.

ॲनँडेल यांचा जन्म १५ जून १८७६ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घर एकदम खात्यापित्यातलं. वडील एडिंबरा विद्यापीठात सर्जरीचे नावाजलेले प्राध्यापक, तर आईचं माहेर नेल्सन या मोठ्या प्रकाशक घराण्यातलं. मुलाच्या नावातलं नेल्सन तिकडूनच आलं. शाळा रग्बी, कॉलेज ऑक्सफर्डचं बॅलियल. म्हणजे त्या काळच्या ब्रिटनमध्ये पोराला जे जे चांगलं देता येईल ते सगळं मिळालेलं.

पण गडी पठडीतला नव्हता. त्यांना माणसांचा अभ्यास करायचा होता आणि प्राण्यांचाही. १८९९ साली विशीत असताना ते एका मोहिमेबरोबर थेट मलाया द्वीपकल्पात जाऊन पोचले. १९०१ मध्ये पुन्हा तिकडंच गेले. मधल्या काळात आइसलंड आणि फेरो बेटं पालथी घातली आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. एका वर्षी विषुववृत्ताजवळचं जंगल, दुसऱ्या वर्षी बर्फाळ बेटं. पुढं आयुष्यभर हेच चालू राहिलं.

१९०४ साली ते भारतात आले. नोकरी होती कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये, उपअधीक्षकाची. बंगाली लोक या म्युझियमला जादूघर म्हणतात. १८१४ साली सुरू झालेलं हे देशातलं सगळ्यात जुनं म्युझियम. तेव्हा तिथले प्रमुख होते आल्फ्रेड अल्कॉक. त्यांच्यानंतर १९०७ मध्ये म्युझियमची सूत्रं ॲनँडेल यांच्याकडं आली, तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम ३१.

त्या काळचा भारत म्हणजे साहेब लोकांसाठी शिकारीचं मैदान. मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढायचा, शिंगं भिंतीला टांगायची. पक्षी, फुलपाखरं, साप यांच्या मागं लागलेले हौशी अधिकारीही बरेच होते. गोड्या पाण्यातल्या बारक्या जिवांकडं मात्र फार थोड्यांचं लक्ष होतं. साहेबांनी सुरुवात केली ती घराजवळूनच. म्युझियमच्या आवारात एक तळं होतं. त्या तळ्यात काय काय आहे, हेच ते बघू लागले.

तिथं त्यांना भेटला स्पंज. आपल्याला स्पंज म्हटलं की समुद्र आठवतो, नाहीतर मग भांडी घासायची घासणी. पण स्पंज हा प्राणी आहे आणि त्याच्या काही जाती गोड्या पाण्यातही राहतात. दगडाला, बुडालेल्या काटकीला चिकटलेला हिरवट, मळकट थर दिसला तर तो स्पंज असू शकतो. उन्हाळ्यात पाणी आटायला लागलं की हा प्राणी मरतो, पण मरण्याआधी बारीक बियांसारख्या गुठळ्या मागं ठेवतो. त्या कोरड्यात तग धरतात आणि पाणी आलं की त्यातून पुन्हा स्पंज उगवतो.

या कामात आपल्या मुंबईचाही हात आहे बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत हेन्री कार्टर नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी मुंबई बेटावरच्या तळ्यांमधले स्पंज शोधून, त्यांची वर्णनं लिहून ठेवली होती. ॲनँडेल यांनी हे अर्धवट राहिलेलं काम सगळ्या देशभर नेलं. १९११ साली ब्रिटिश भारतातल्या प्राण्यांवरच्या मोठ्या ग्रंथमालेत गोड्या पाण्यातले स्पंज आणि त्यांच्यासारखे इतर जीव यांच्यावर त्यांचा अख्खा खंड आला.

आता जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ. नवी प्रजाती शोधली अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा नेमकं घडलेलं काय असतं?

प्राणी सापडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. ओढ्यात जाळं लावा, दगड उलटा करा, काहीतरी हाताला लागतंच. खरी डोकेदुखी पुढं असते. तो प्राणी स्पिरिटच्या बरणीत जातो. बरणीत एक चिठ्ठी जाते, त्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी हरवली तर बरणीतला प्राणी जवळजवळ बिनकामाचा. मग आजवर जगात वर्णन झालेले त्याचे सगळे भाऊबंद समोर घ्यायचे. त्यासाठी जुने ग्रंथ हवेत, इतर म्युझियममधले नमुने बघायला हवेत. खवले मोजायचे, मिशा मोजायच्या, तोंडाची ठेवण बघायची, भिंगाखाली धरून चित्र काढायचं. यात वर्षं जातात. तो कुणाशीच जुळत नाही अशी खात्री पटली की त्याला लॅटिन धाटणीचं नाव द्यायचं आणि वर्णन छापायचं. ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो कायमचा जपून ठेवायचा. कारण शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर पुरावा म्हणून तोच नमुना बाहेर काढावा लागतो.

थोडक्यात, या कामाला तीन गोष्टी लागतात. भरपूर नमुने, ते सांभाळणारी संस्था आणि वर्णनं छापणारं नियतकालिक. भारतातले नमुने त्याआधी बहुतेक वेळा लंडनला जायचे. ॲनँडेल यांनी प्रमुख झाल्या झाल्या १९०७ मध्ये म्युझियमची स्वतःची दोन शास्त्रीय प्रकाशनं सुरू केली. भारतात सापडलेल्या प्राण्याचं बारसं भारतातच व्हायची सोय झाली.

मग त्यांनी सरकारच्या मागं धोशा लावला. मुद्दा सरळ होता. जमिनीतल्या खनिजांसाठी जिऑलॉजिकल सर्व्हे १८५१ पासून होता. झाडांसाठी बोटॅनिकल सर्व्हे १८९० पासून होता. खनिजांतून पैसा येतो, झाडांतूनही येतो. गोगलगायीतून सरकारला काय मिळणार? त्यामुळं प्राण्यांसाठी काहीच नव्हतं. अखेर १ जुलै १९१६ रोजी, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि ॲनँडेल तिचे पहिले संचालक झाले.

ऑफिसात बसणं मात्र त्यांना जमलं नाही. १९१२ मध्ये ते पॅलेस्टाइनला गॅलिलीच्या सरोवरावर होते. मग जपानचं बिवा सरोवर झालं, चीन आणि सयामची तळी झाली. १९१४ मध्ये स्टॅन्ली केम्प या सहकाऱ्याबरोबर ओडिशाच्या चिलिका सरोवराची पाहणी सुरू केली. तिथं समुद्राचं खारं पाणी आणि नद्यांचं गोडं पाणी एकमेकांत मिसळतं, ऋतूप्रमाणं कधी हे जास्त तर कधी ते. अशा पाण्यात जगणारे प्राणी स्वतःला कसं सांभाळून घेतात, हा त्यांचा प्रश्न. हेच केम्प पुढं अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या मोठ्या मोहिमेचे प्रमुख झाले.

मग गाठलं ब्रह्मदेशातलं इनले सरोवर. तिथल्या माशांचं वर्णन १९१८ मध्ये छापून आलं. घरी मत्स्यटाकी असणाऱ्यांनी त्यातले काही मासे नक्की पाहिले असतील. लाल डोक्याचा, निळसर चकाकणारा, अंगावर खवलेच नसलेला सॉब्वा नावाचा मासा आज जगभरच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत विकला जातो. सॉब्वा ही तिथल्या शान राजांची पदवी, तीच साहेबांनी माशाला दिली. त्याच सरोवरात गांडुळासारखा दिसणारा एक विचित्र मासा मिळाला. त्याला नाव दिलं चौधुरिया, म्युझियममधले भारतीय मत्स्यतज्ज्ञ बी. एल. चौधुरी यांच्यावरून. गोऱ्या साहेबांनी गव्हर्नर, लॉर्ड आणि एकमेकांची नावं प्राण्यांना देण्याचा तो काळ, त्यात हे उठून दिसतं.

आणि मग येतात आपले सह्याद्रीतले ओढे.

मोठ्या तळ्यासमोर घाटातला ओढा म्हणजे किरकोळ वाटतो. पण तिथं जगणं सगळ्यात अवघड. पावसाळ्यात पाणी अशा वेगानं येतं की माणूस वाहून जाईल. उन्हाळ्यात तेच पाणी चार डोहांपुरतं उरतं. अशा ठिकाणी टिकायचं तर खडकाला धरून राहायची काहीतरी युक्ती अंगात हवी. आपल्याकडचा मळ्या मासा बघा. त्याच्या तोंडाच्या खालच्या बाजूला चकतीसारखा भाग असतो, त्यानं तो दगडाला चिकटतो. या मळ्याचं विज्ञानातलं नावही मराठीतूनच गेलंय. १८३९ साली कर्नल साइक्स या कंपनीच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा त्यानं इथले लोक जे म्हणत तेच नाव ठेवलं, म्हणून मळ्या आजही जगभर गारा मुल्या या नावानं ओळखला जातो.

खंडाळ्याच्या ओढ्यातला नवा मासाही अशाच पाण्यातला. त्याचं तोंड अंगाच्या खालच्या बाजूला असतं आणि तोंडाशी मिशा असतात. त्या मिशांवरूनच त्याला टेंटॅक्युलेटस हे नाव मिळालं. ओढ्याकाठच्या ठाकर-कातकऱ्यांना हा मासा साहेबांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार, यात शंका नाही. साहेबांनी केलं ते इतकंच की जगाच्या नोंदवहीत त्याचं पान उघडलं आणि त्यावर खंडाळ्याचं नाव लिहिलं. एखाद्या गावाला असा मान मिळणं ही लहान गोष्ट नाही. या माशाबद्दल पुढं कधीही वाद झाला तरी खरा मासा कोणता हे खंडाळ्याच्या माशावरूनच ठरणार.

बेडकांचंही तसंच. सह्याद्रीतल्या काही बेडकांची पिल्लं पाण्यात पोहतच नाहीत. पाणी झिरपत असलेल्या ओल्या कातळावर ती शेपटीच्या जोरावर सरकतात, उड्या मारतात. शाळेच्या पुस्तकातला बेडूकमासा डोक्यात ठेवून गेलेला माणूस त्यांना बेडकाचं पिल्लू म्हणून ओळखणारही नाही. ॲनँडेल यांना अशा गोष्टींचं वेड होतं. प्राणी बरणीत घालून नाव दिलं की काम संपलं, असं मानणारे तेव्हा चिक्कार होते. यांना मात्र तो प्राणी जिवंतपणी कुठल्या दगडाखाली बसतो, पाणी किती वेगानं वाहतं, काय खातो, हे सगळं हवं असायचं.

पण सरकार अशा कामाला पैसा का देईल? याचं उत्तर महायुद्धानं दिलं.

बिलहार्झिया नावाचा एक रोग आहे. लघवीतून रक्त जातं, माणूस हळूहळू खंगतो. तो होतो एका सूक्ष्म जंतामुळं. या जंताची अंडी रोग्याच्या शरीरातून पाण्यात पडतात, त्यातून निघालेलं पिल्लू पाण्यातल्या ठरावीक जातीच्या गोगलगायीत शिरतं, तिथं वाढतं, बाहेर पडतं आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतं. मधली गोगलगाय नसेल तर रोग पुढं सरकत नाही. गोगलगायीचा हा भाग इजिप्तमध्ये १९१५ साली सिद्ध झाला आणि त्याच काळात भारतीय सैनिक इजिप्त, मेसोपोटेमियाच्या आघाड्यांवर लढत होते. ते रोग घेऊन गावी परतले आणि गावच्या ओढ्यात तसली गोगलगाय असली तर?

हा प्रश्न आला आणि एकदम सगळ्यांना गोगलगायीवाला साहेब आठवला. भारतातल्या कुठल्या पाण्यात कुठली गोगलगाय आहे, हे सांगू शकणारी संस्था तेव्हा एकच होती. ॲनँडेल आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. गोगलगायी गोळा करायच्या, ओळखायच्या, त्यांच्या पोटात कुठले परजीवी आहेत ते तपासायचं. देशभर रोग पसरण्याची जी भीती होती ती सुदैवानं खरी ठरली नाही.

त्यांच्या कामातला एक भाग मात्र आज वाचताना खटकतो. साहेब मानववंशशास्त्राचेही अभ्यासक होते, आणि त्या काळी या शास्त्राचा अर्थ बऱ्याचदा माणसांची डोकी, नाकं आणि उंची मोजून त्यांचे गट पाडणं असाच होता. ॲनँडेल यांनीही कलकत्त्यातल्या सुमारे २०० अँग्लो-इंडियन पुरुषांची मापं घेऊन ठेवली होती. साम्राज्याच्या नोकरीतल्या माणसानं वसाहतीतल्या लोकांना मोजपट्टी लावणं, यातला वास लपत नाही.

पण त्याच आकड्यांचं पुढं भलतंच झालं. १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं होतं. तिथं ॲनँडेल यांनी कलकत्त्याच्या एका तरुण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला ही मापं तपासून बघायला सांगितली. ते प्राध्यापक होते प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांचा संख्याशास्त्रातला पहिला निबंध १९२२ मध्ये छापून आला तो याच मापांवर, आणि तोही इंडियन म्युझियमच्या, प्राण्यांना वाहिलेल्या नियतकालिकात. महालनोबिस यांनी पुढं इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा केला.

माणसं हेरण्याची साहेबांची नजर अशी होती. १९१९ साली ते लाहोरच्या कॉलेजात गेले असताना सुंदरलाल होरा नावाचा एक विद्यार्थी त्यांच्या नजरेत भरला. त्याला त्यांनी थेट झूलॉजिकल सर्व्हेत बोलावून घेतलं. होरांनी लवकरच माशांचा विभाग सांभाळायला घेतला. गंमत म्हणजे खंडाळ्याच्या त्या माशाला ॲनँडेल यांनी ईशान्येकडच्या माशांच्या एका जुन्याच कुळात बसवलं होतं. १९२१ मध्ये होरांनी तपासणी करून सांगितलं की हा त्या कुळातला नाही, याला वेगळं कुळ हवं. आज तो मासा होरांनी दिलेल्या कुळाच्या नावानंच ओळखला जातो. गोरा संचालक, हाताखालचा पंचविशीतला भारतीय पोरगा, आणि त्यानं साहेबांची मांडणी त्यांच्याच नियतकालिकांच्या जमान्यात बदलली.

जानेवारी १९२४ मध्ये बंगळूरच्या सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष होते ॲनँडेल. भाषणाचा विषय उत्क्रांतीचा होता. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी सारख्या परिस्थितीत राहून सारखे कसे दिसू लागतात आणि नात्यातले प्राणी वेगळे कसे होत जातात. ज्यानं आयुष्यभर ओढ्यातल्या खडकांना चिकटलेले मासे, किडे आणि बेडकांची पिल्लं पाहिली, त्याला हा विषय सुचणारच.

त्यानंतर तीनच महिन्यांत, १० एप्रिल १९२४ रोजी, कलकत्त्यात ॲनँडेल यांचं निधन झालं. वय अवघं ४७. झूलॉजिकल सर्व्हे तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता.

होरांनी ओढ्यांचा धागा सोडला नाही. ईशान्य भारतातल्या माशांचे भाऊबंद थेट पश्चिम घाटात कसे, मध्ये तर एवढं कोरडं पठार आहे, या कोड्यावर त्यांनी सातपुड्याची वाट सुचवली. कधीकाळी सातपुड्यातल्या ओढ्यांच्या पुलावरून हे मासे इकडं आले असावेत, असं त्यांचं म्हणणं. त्यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. १९४७ नंतर होरा त्याच संस्थेचे संचालक झाले.

आणि बिलहार्झिया? ॲनँडेल गेल्यानंतर २८ वर्षांनी, १९५२ मध्ये, डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी एक केंद्र शोधून काढलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावच्या लोकांना लघवीतून रक्त जात होतं आणि त्यात त्याच जंताची अंडी होती. पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, पाण्यातली कुठली गोगलगाय? संशयाची सुई जिच्याकडं वळली तिचं नाव फेरिसिया टेन्युइस. दगडाला, पानाला चिकटून बसणारी, टोपीसारख्या शिंपल्याची, काही मिलिमीटरची गोगलगाय. ओढ्यातला दगड उचलून, अगदी डोळ्याजवळ धरल्याशिवाय ती दिसतही नाही.